पूल क्र. ६४ च्या नोंदवहीतून मयत तपासनीसास मुक्त करणेबाबत

प्रति,
मा. श्री. राजन चांदूरकर साहेब,
पूल अभियंता, रेल्वे पूल दुरुस्ती निधी कक्ष,
जयपूर.

विषय : कालकथित गुलाबराव सोनाजी तायडे, पूल तपासनीस, यांना मृत्यूनंतर पाच वर्षे कामावर दाखवल्याबद्दल, आणि पूल क्र. ६४ दुरुस्तीच्या यादीत घेण्याबद्दल.

संदर्भ : माहिती अधिकारात मिळालेली नोंदवहीची नक्कल, दि. २ जून २००६.

महोदय,

अर्जदाराने याआधी तीन अर्ज हिंदीत दिले. एकाचेही उत्तर आले नाही. इमारतीच्या खालच्या दारावरच्या पाटीवर आपले आडनाव आमच्या अकोल्याकडचे दिसले, म्हणून हा चौथा अर्ज मराठीत करण्याचे धाडस केले आहे. काही गोष्टी अर्जदाराला हिंदीत नीट सांगता येत नाहीत.

१. अर्जदार ही गुलाबरावांची पत्नी असून मुलीसह प्रताप नगरात राहते. गुलाबराव दर महिन्याच्या दहा तारखेला पूल क्र. ६४ तपासत. पुलाच्या काठावरच्या खांबाला भेग आहे. त्या भेगेवर ते काचेची पट्टी आडवी बसवून तिच्यावर तारीख घालत. पट्टी तडकली की भेग वाढते आहे असे समजायचे. घरात काच कापताना त्यांची बोटे कापत आणि चिंध्या बांधून अर्जदार कंटाळून जाई. दि. १० ऑगस्ट २००१ रोजी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी शेवटची पट्टी लावली व नोंदवहीत लिहिले, "भेग वाढते आहे. निधी तातडीने मिळावा." त्याच रात्री ताप भरला. १७ तारखेला ते गेले.

२. यंदा मुलगी मयूरी हिला पुलापलीकडच्या शाळेत नोकरी लागली. ती सकाळच्या पॅसेंजरने जाऊ लागली, म्हणून अर्जदाराने पूल दुरुस्त झाला का, एवढेच माहिती अधिकारात विचारले होते. उत्तर आले की, तपासनीस श्री. गु. सो. तायडे यांच्या अहवालांनुसार पूल सुस्थितीत असल्याने निधीच्या यादीतून वगळला आहे. सोबत नक्कल होती. सप्टेंबर २००१ ते मे २००६, दर दहा तारखेला गुलाबरावांची सही, आणि सत्तावन्न वेळा एकच शेरा, "ठीक". त्यांची हातोडी व टॉर्च तर कार्यालयाने ऑगस्ट २००१ मध्येच पावती देऊन परत नेली होती. तेव्हा त्यांनी पूल कशाने तपासला, हे अर्जदारास समजलेले नाही.

३. खोटे कशाला लिहावे? ती सही पाहून अर्जदाराला आधी राग आला नाही. आनंद झाला. सही हुबेहूब त्यांची होती. माणूस कुठेतरी आहे, कामात आहे, घरी यायला सवड नाही, असे दोन दिवस वाटत राहिले. १० जूनला अर्जदार डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन पुलाखाली जाऊन बसली. दुपारपर्यंत कोणी आले नाही. दोनदा हातोडीचा आवाज आल्यासारखे वाटले. उठून पाहिले तर खांबावर त्यांची २००१ ची पट्टी होती, मधोमध तुटलेली, तारीख अजून वाचता येत होती. त्यानंतरच्या एकाही महिन्याची पट्टी तिथे नव्हती. अर्जदार तेव्हा रडली, आणि डबा तसाच घरी आणला.

४. आपल्या कार्यालयातील लिपिक द्वारकाजी भले गृहस्थ आहेत. त्यांनी समजावले की, काटकसरीत तपासनीसाचे पद गेले, पण नोंदवहीतला रकाना राहिला. त्यांचे शब्द असे, "कॉलम खाली नहीं छोड़ सकते, माताजी." म्हणजे आपल्याच इमारतीत तळमजल्यावर अर्जदाराला विधवा म्हणून पेन्शन मिळते आणि पहिल्या मजल्यावर तिचा नवरा हजर असतो. अर्जदार दर महिन्याला तो जिना पाहते. चढायची हिंमत होत नाही.

५. दि. १० जुलै रोजी अर्जदाराने गुलाबरावांच्या फोटोवरची काच काढून तिची पट्टी कापून घेतली, तारीख घातली आणि त्यांच्यासारखीच सिमेंटने भेगेवर बसवली. १० ऑगस्टला सकाळी अर्जदार ती पाहायला गेली. पट्टी धड होती. तेवढ्यात वरून पॅसेंजर गेली आणि पट्टी अर्जदाराच्या डोळ्यांदेखत तडकली. त्या गाडीत मयूरी होती. शेवटचा डबा पलीकडे जाईपर्यंत अर्जदार खांबाला दोन्ही हात लावून उभी होती, जणू तिच्या हातांच्या आधाराने तो उभा राहणार होता.

६. मयूरी आता बसने जाते. बाकीच्या प्रवाशांना सांगायला अर्जदार ११ तारखेपासून रोज सकाळी फलाटावर उभी राहते. लोक ऐकून घेतात आणि पुढच्या डब्यात जाऊन बसतात. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे ते म्हणतात. त्यांचेही चूक नाही. पूल ठीक असल्याचे सरकारी कागदावर आहे, आणि खाली तिच्याच नवऱ्याची सही आहे.

तरी विनंती की, येत्या १७ तारखेला गुलाबरावांच्या पाचव्या स्मृतिदिनाचे पुण्यानुमोदन आहे, त्याआधी त्यांना नोंदवहीतून मुक्त करावे. त्यांचा १० ऑगस्ट २००१ चा शेरा शेवटचा मानून पूल निधीच्या यादीत घ्यावा, आणि दुरुस्ती होईतो गाड्या पुलावरून सावकाश न्याव्यात.

यातले काहीच नियमात बसत नसेल आणि कार्यालयाचे मेलेल्या माणसावाचून अडतच असेल, तर अर्जदाराची हरकत नाही. त्यांना खुशाल कामावर ठेवा. पण त्यांच्या हातून "ठीक" लिहवून घेऊ नका. हयातीत त्यांनी त्या पुलाला एकदाही ठीक म्हटले नव्हते.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
विमल गुलाबराव तायडे
प्रताप नगर, जयपूर
दि. १४ ऑगस्ट २००६

सोबत :
१. मृत्यूचा दाखला.
२. नोंदवहीची नक्कल, शेरे सत्तावन्न.
३. हातोडी व टॉर्च परत घेतल्याची पावती.
४. काचेची पट्टी, दि. १० जुलैची, दोन तुकडे. पूल दुरुस्त झाल्यावर परत मिळावी, फोटोची आहे.