आईच्या फोटोतले डोळे

अप्पा, बडोद्यात माझ्या अकोट्याच्या घरात सध्या रंगकाम काढलंय. काल रंगाऱ्याने हॉलमधले दोन्ही फोटो, तुमचा आणि आईचा, खिळ्यावरून उतरवून सोफ्यावर शेजारी शेजारी ठेवले, जरा मागे सरकून पाहिलं आणि मला विचारलं, “बेन, आ बेउ भाई-बेन छे ने? आंख तो एकदम सरखी छे.” मी म्हटलं, नाही, माझे आईवडील आहेत. बिचारा ओशाळला आणि जीभ चावून पुन्हा भिंत घासायला लागला. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. चहा टाकला, त्यालाही दिला. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण लिहून टाकायचं कुठे? आज घरभर फर्निचरवर चादरी आहेत, ही एकच खुर्ची मोकळी आहे, म्हणून बसले.

सावली गावातला तुमचा स्टुडिओ आधी आठवतो. मी बारा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि घरात माझा उपद्रव नको म्हणून आई डबा देऊन मला तुमच्याबरोबर एस.टी.त बसवते. बडोद्यात राहून रोज सावलीला जाणारे फोटोग्राफर आपल्या रावपुऱ्यात तुम्ही एकटेच. बडोद्यात काय माणसांना तोंडं नाहीत का, असं नातेवाईक विचारायचे. तुम्ही म्हणायचात, तिथे मला लोक ओळखतात. ओळखायचेच. ब्रह्मदेशच्या लढाईत डावा कान घालवून आलेले, गिऱ्हाइकाला ‘सावधान’मध्ये उभं करून मगच बटण दाबणारे ‘मिलिट्रीवाळा साहेब’. तुमच्या हातचे सगळे नवरदेव लग्नाला नव्हे, मोहिमेवर निघाल्यासारखे दिसतात.

गावात कोणी गेलं की न्यायच्या आधी तुम्हाला बोलावणं यायचं. कितीतरी माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो तोच असायचा. आठवड्याने घरचे स्टुडिओत यायचे आणि म्हणायचे, “साहेब, बानी आंख खोली आपजो.” म्हातारीचे मिटलेले डोळे फोटोत उघडून हवे असायचे, भिंतीवर हार घालायला. मग तुम्ही अख्ख्या घराला बाकावर ओळीने बसवायचात आणि विचारायचात, “बा जेवी आंख कोनी छे?” म्हातारीसारखे डोळे कोणाचे यावरून त्यांची भांडणं व्हायची. शेवटी एखाद्या लेकीला नाहीतर नातवाला पुढे ढकलायचे. तुम्ही त्याला उजेडात बसवून त्याच्या डोळ्यांकडे बघत बघत प्रिंटवर बारीक ब्रशने म्हातारीचे डोळे रंगवायचात, आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढून मोठा करून द्यायचात. ती मंडळी फोटो बघून रडायची आणि तुम्ही खिडकीतून एस.टी. स्टँडकडे बघत बसायचात. एकदा मी हट्टाने एका खराब प्रिंटवर डोळे रंगवले आणि बुबुळात उजेडाचा ठिपका द्यायला विसरले. “आंधळी केलीस म्हातारीला,” असं म्हणालात आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमचा सगळ्यात बारीक ब्रश मला देऊन टाकलात. मी त्या कामाला पुन्हा हात लावला नाही, कशाने ते सांगता येणार नाही.

मग आई गेली. माझं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, रावपुऱ्यात नाक्यानाक्यावर एस.टी.डी.चे पिवळे बोर्ड लागले होते, आणि कलर फोटो एका तासात मिळायला लागले होते. तेराव्याला फोटो मांडायचा म्हणून शोधाशोध केली तेव्हा कळलं, आईचा डोळे उघडे असलेला एकही फोटो घरात नाही. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांखाली मान खाली. पुढे फ्लॅश पडला रे पडला की तिच्या पापण्या मिटायच्या. मतदार ओळखपत्रांचे फोटो निघण्याआधीच ती गेली. माझ्या लग्नात काढलेला एक बरा होता, चेहरा छान, ओठांवर हसू, पण डोळे मिटलेले. मावशी म्हणाली, “दिव्याखाली अंधार तो हाच! भावजी, तुम्ही अख्ख्या तालुक्याचे डोळे उघडलेत, आता हिचे उघडा.” तुम्ही नाही म्हणालात. मावशी रडली, मी हात जोडले, तुमचं आपलं नाहीच.

स्वयंपाकघरात मला एकटीला मात्र कारण सांगितलंत. मी पोहे परतत होते, तुम्ही दाराला टेकून उभे होतात. पलटणीतला तुमचा सोबती, साताऱ्याकडचा. तो लढाईत गेला, आणि नंतर त्याच्या आईचं पत्र आलं की पोराचा फोटो असला तर पाठवा. तुमच्याकडे सगळ्या तुकडीचा एक फोटो होता, त्यात उन्हामुळे त्याचे डोळे मिटलेले. तुम्ही तेव्हा हे काम नुकतंच शिकला होतात. डोळे उघडलेत, पाठवलेत, म्हातारीने आशीर्वाद कळवले. “पण त्याचे खरे डोळे गेले माझ्याकडून,” तुम्ही म्हणालात. “दोन वर्षं एका खंदकात होतो आम्ही. आता आठवायला गेलो की मी काढलेलेच दिसतात. लोकांचे उघडतो, कारण लोकांचे मी पाहिलेले नसतात. हिचे राहू देत.” मी म्हटलं, “म्हणजे आईला मिटल्या डोळ्यांनी भिंतीवर लावू का?” तुम्ही म्हणालात, “लाव की.” मला इतका संताप आला की पोहे खाली लागले तरी कळलं नाही.

तुम्हाला न सांगता मी तो फोटो रावपुऱ्यातल्या एका आर्टिस्टकडे दिला. त्यानेही तोच प्रश्न विचारला, आईसारखे डोळे कोणाचे? मी म्हटलं, माझे. लहानपणापासून ऐकत आले होते ना, मावशीने शंभरदा सांगितलं होतं, पोरगी आईवर गेली. त्याने मला दाराशी बसवून माझे डोळे रंगवले. हात चांगला होता त्याचा, ठिपकासुद्धा विसरला नाही. तेराव्याला फोटो मांडला तेव्हा बायका म्हणाल्या, बाई, अगदी बोलेल आता. तुम्ही जवळ आलात, चष्मा वर करून पाहिलंत. “हे माझे डोळे आहेत,” तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, “अप्पा, माझे आहेत, आणि माझे आईवर गेलेत.” तुम्ही “बरं” म्हणालात. नंतर त्या विषयावर आपण बोललोच नाही. फक्त तुमची खुर्ची दुसऱ्या दिवसापासून खिडकीकडे तोंड आणि फोटोकडे पाठ करून होती, आणि नंतर फोटोसकट अकोट्याला माझ्याकडे राहायला आलात तेव्हाही तुम्ही ती तशीच ठेवलीत. म्हातारपणाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर मी जिंकले होते, आणि जिंकलेलं मला सोडायचं नव्हतं.

स्टुडिओ बंद केलात तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती. सावलीतही कलर लॅब झाली होती, आणि तिथले लोकच आता थांबा म्हणत होते, “साहेब, हवे आराम करो.” निगेटिव्हचे अकरा खोके टेम्पोने माझ्याकडे आले. तुम्हाला बारीक दिसत नव्हतं, म्हणून ते चाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी रविवारी खिडकीशी बसून एकेक पाकीट उजेडात धरत असे. एका पाकिटावर तुमच्या अक्षरात ‘शटर दुरुस्ती, तपासणी’ असं लिहिलं होतं. त्यात तीन निगेटिव्ह होत्या. दोन नुसत्या दाराच्या. तिसरीत गिऱ्हाइकाच्या स्टुलावर आई बसलेली, मांडीवर डबा, दारातून येणारा दिवसाचा उजेड, फ्लॅश नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पण डोळे उघडे आहेत एवढं कळत होतं. लॅबवाला कुरकुरला, “आंटी, ब्लॅक-एन-व्हाइट हवे कोण करे छे?” तरी आठ दिवसांनी प्रिंट दिली.

दुकानाच्या पायरीवरच पाकीट उघडलं. आईचे डोळे लहान होते, अप्पा. लांबट, कडांना खाली उतरलेले, आणि उजवा डाव्यापेक्षा जरासा बारीक. माझ्यासारखे मुळीच नव्हते. माझे मोठे, गोल, तुमच्यासारखे. ती कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तुमच्याकडे बघून हसत होती. आणि मला ती ओळखीची वाटली नाही. परक्या बाईचा फोटो चुकून हातात आल्यासारखं वाटलं. घरी आले, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, कुकर लावला. तुम्हाला दाखवायचा हे मनात होतं. उद्या दाखवू, मोठा करून दाखवू, फ्रेम करून दाखवू, असं म्हणत दोन वर्षं गेली. भिंतीवरचा फोटो खाली घ्यावा लागेल, मावशीला सांगावं लागेल, मीच चुकले हे चारचौघांत म्हणावं लागेल, हे सगळंही होतंच.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. मी ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसलेय, चपला पायातच आहेत. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलेले, आणि मान न वळवता विचारता, “तिचे डोळे कसे होते गं? मला आठवतच नाहीत. खूप बघतो, पण हेच येतात.” आवाजात तक्रार नाही. बसची वेळ विचारावी तसं विचारता. मी चांगल्या कानाच्या बाजूला बसले होते, म्हणजे मी काय म्हणाले ते तुम्ही नीट ऐकलंत. मी म्हणाले, “फोटोत आहेत तसेच, अप्पा.” तुम्ही म्हणालात, “असं होय.” मग मी चपला काढल्या आणि थोड्या वेळाने भाजी चिरायला गेले. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

मी मलाच पुष्कळ कारणं देऊन पाहिली आहेत. तुम्हाला धक्का बसला असता. त्या वयात कशाला ढवळायचं. तुमची नजर गेली होती, दिसलं तरी किती असतं. नवऱ्याला हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा तोही म्हणाला, तू त्यांना जपलंस. मी मान हलवली. हे पत्र मी पाकिटात घालणार नाही, रंगारी यायच्या आत फाडीन, म्हणून इथे खरं लिहिते. तुम्हाला जपायचं वगैरे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मी दमले होते, कपाट आतल्या खोलीत होतं, आणि मला उठायचा कंटाळा आला.