मीटर निर्दोष, वापर नाही

चिरंजीव शालकमहाशयांस,

भावोजींचा आशीर्वाद, आणि तोही मापून नव्हे, सढळ हाताने. तू ठणठणीत असशीलच. तुझ्या सौ.ची कंबर आता कशी आहे? शिलाई मशीनचा पट्टा बदललास, की अजून गाठ मारूनच चालवतोयस? पोरीची परीक्षा संपली असेल, तिला माझ्यातर्फे शाबासकी दे (निकालापर्यंत थांबावंसं वाटलं तर थांब). तुझी ताई तुझ्याकडे येऊन आज तेवीस दिवस झाले. भावाच्या घरी ती मजेत असणारच, म्हणून तिच्याबद्दल मी काही विचारत नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. वजन दोन किलो चारशे ग्रॅमनी उतरलंय, पण ते उतरवा म्हणून डॉक्टर गेली पाच वर्षं सांगतच होते.

हे पत्र गॅसच्या मीटरबद्दल आहे, दुसरं काही मनात धरून वाचू नकोस. ताईने तिकडे काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि ते सगळं खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. पण वजन-मापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला आपली बाजू मांडायची एक संधी मिळायला हवी. मला बघून दुकानदार तराजूखालचं चुंबक काढून खिशात घालायचे, हे तुला माहीत आहे. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मापात गडबड निघावी, म्हणजे काय ते तूच ठरव.

झालं असं. मी निवृत्त झालो, ऑफिसने दिलेलं घड्याळ अजून खोक्यातून बाहेरही काढलं नव्हतं, आणि गॅसचं बिल वाढायला लागलं. महिन्याला चौदा युनिटं जळायची, ती एकवीस जळायला लागली. घर तेच, शेगडी तीच, माणसं दोनच. मग बदललं काय? तर मीटर. (मीटरही बदलला नव्हता, तोच होता. पण आतून बिघडला असणार असा माझा तर्क.) मी गॅसच्या कार्यालयात जाऊन मीटर जास्त पळतो म्हणून रीतसर अर्ज दिला. खिडकीवरचा कारकून, ज्याचा चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला असतो, त्याने अर्ज घेतला आणि म्हणाला की माणूस पाठवायला वेळ लागेल, तोवर आठवडाभर तुम्हीच आकडे टिपून ठेवा. हे त्याने मला सांगायला नको होतं.

मीटर आपल्या मागच्या गॅलरीत आहे, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. तिथे मी स्टूल टाकलं. मीटरला सुतळीने एक पुठ्ठा बांधला, पुठ्ठ्याला पेन्सिल. मीटरच्या शेवटच्या तीन लाल आकड्यांवर लिटर कळतात, म्हणजे एकेका चहाला किती गॅस गेला तेसुद्धा समजतं. मी सगळं टिपलं. चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की मीटर इमानदार आहे. मग उरलं कोण? स्वयंपाकघर. दोन कप चहा बारीक आचेवर बावीस लिटरमध्ये होतो, हे मी घड्याळ लावून काढलं. ताईला एकतीस लागायचे. कधी तेहतीस. एकदा छत्तीस. मी तिला हे अगदी प्रेमाने सांगितलं. (रोज सांगितलं.) ती पहिले तीन दिवस हसली, चौथ्या दिवशी हसली नाही, आणि मला ते कळलं नाही, कारण मी बाहेर आकडा बघत होतो.

मग तिची शाळेतली मैत्रीण आली. दोघींच्या गप्पा रंगल्या, चहा मोठ्या आचेवर तसाच राहिला, आणि मी गॅलरीचं दार उघडून आत फक्त एक आकडा सांगितला. एकोणचाळीस. एवढंच म्हटलं, दुसरा एक शब्द वाकडा नाही, विचार तिला. तिने अर्धवट उकळलेल्या चहाखालचा गॅस बंद केला. मैत्रिणीला अचानक काहीतरी काम आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने बॅग भरली, घराची एक किल्ली पर्समध्ये टाकली आणि जाताना म्हणाली की आता बसा मोजत.

मी बसलो मोजत. आणि इथे खरी भानगड सुरू झाली, कारण मीटरच हलेना. वीस दिवसांत एक युनिटसुद्धा नाही. आता तू म्हणशील, भावोजी, ताई घरात नाही. अरे, ते मी धरलं होतंच. दोन माणसांचं एक माणूस झालं, म्हणजे वापर निम्मा व्हायला हवा. महिन्याला साडेदहा. शाळेतलं गणित आहे. प्रत्यक्षात मीटर दाखवत होता शून्य. दुसरा कोणी असता तर मिटक्या मारत गप्प बसला असता, पण माझ्या आयुष्यात जास्त दाखवणारा काटा जितका गुन्हेगार, तितकाच कमी दाखवणारा. मी पुन्हा कार्यालयात गेलो. कारकुनाने चष्मा चढवला, माझे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि पाठीमागच्या दोघांना बोलावून दाखवले. मीटर कमी दाखवतो अशी तक्रार नोकरीत पहिल्यांदाच पाहतोय, म्हणाला. त्यासाठी छापील फॉर्मच नव्हता. शेवटी मी ‘जास्त’ वर काट मारून ‘कमी’ लिहिलं आणि शेजारी सही केली. या वेळी मात्र त्यांनी माणूस ताबडतोब पाठवला. (मला वाटतं, बघायला पाठवला.)

माणूस म्हणजे एक तपासनीस बाई होत्या, तिशीच्या, खांद्याला अवजारांची पिशवी. त्यांनी आपल्या मीटरला त्यांचा तपासणीचा मीटर जोडला आणि मला म्हणाल्या, काका, शेगडी पेटवा. शेगडीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो मी उचलला. लायटर सापडेना. त्यांनीच तो दारामागच्या खिळ्याला लटकलेला दाखवला. मग मी जे बटण फिरवलं ते भलत्याच बर्नरचं निघालं. तीन बटणं, दोन बर्नर, आणि तिसरं बटण कशाचं ते मला आजही माहीत नाही. बाईंनी शेगडी पेटवली, दहा मिनिटं चालू ठेवली. दोन्ही मीटरांचे आकडे लिटरला लिटर जुळले. मी खात्यातला माणूस, मला तिथेच कळलं की आपला खटला गेला.

पण बाई निघाल्या नाहीत. त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. तिथे एक कप, एक बशी आणि केळ्याच्या साली. जेवता काय, विचारलं. मी म्हटलं, खानावळीचा डबा. आणि चहा? तो कोपऱ्यावरच्या दुकानात. दिवसातून किती वेळा? सहा. घरी चहा व्हायचा तेव्हाही सहाच का? मी म्हटलं, हो, निवृत्त झाल्यापासून सहा, शिवाय दुपारचं गरम जेवण, आधी ऑफिसात डबा न्यायचो. निवृत्त कधी झालात? चार महिने झाले. आणि बिल कधीपासून वाढलं होतं? बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही, आपली नळी गुंडाळत राहिल्या. एवढा समजूतदारपणा मी माझ्या नोकरीत कुठल्या दुकानदाराला दाखवल्याचं आठवत नाही. मग त्यांनी अहवाल लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. ‘मीटर निर्दोष. घरात वापर नाही.’

सही करताना माझा हात जरा थांबला, कबूल करतो. शालका, मी आयुष्यभर लोकांच्या वजनांवर शिक्के मारले. खात्यातली पितळी वजनंसुद्धा ठरावीक काळाने मोठ्या कार्यालयात तपासायला जायची, झिजली का, मळ बसला का ते बघायला. मला मात्र कोणी कुठे पाठवलं नाही, आणि पाठवायची गरज आहे असं मलाही कधी वाटलं नाही. तू कपडा बेतताना दोन बोटं सैल ठेवतोस म्हणून मी तुझी किती वेळा टर उडवली असेल. त्यावर ताई म्हणायची, माझा भाऊ माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवतो. तेव्हा मला वाटायचं, ती तुझी बाजू घेतेय. घरात करमत नाही रे. स्वयंपाकघराचं दार मी लावूनच ठेवतो, आणि हे पत्रही गॅलरीत स्टुलावर बसून लिहितोय, मीटरशेजारी.

असो. मीटरचा विषय मिटला, एवढंच कळवायचं होतं. सौ.ला आणि पोरीला आशीर्वाद. लांबलं पत्र, पण वेळ आहे.

तुझा (मला वाटतं, अजूनही)
भावोजी

ता. क. : तिसरं बटण कशाचं आहे, हे सहज बोलता बोलता ताईला विचार. मी विचारलं असं सांगू नकोस. आणि त्याच ओघात, ती कधी येणार आहे तेही विचार. खरं म्हणजे बटणाचं राहू दे, दुसरं तेवढं विचार.

ता. क. दुसरा : मीटरचा पुठ्ठा मी आत्ताच कात्रीने कापून काढलाय, पेन्सिलीसकट. हे पत्र ताईला दाखवायचं नाही, सक्त ताकीद आहे. तुझ्या ज्या कोटाची बटणं ती लावून देते, त्या कोटाच्या खिशात नीट ठेव.

ता. क. तिसरा : थांब. लाल आकडा फिरतोय. मी काहीही पेटवलेलं नाही आणि आकडा फिरतोय. म्हणजे मी म्हणत होतो तेच खरं होतं, मीटर बिघडलेलाच आहे. त्या बाईंना फोन करायला आत जातो.

ता. क. चौथा : वरचे तिन्ही रद्द. फोनपर्यंत पोचलोच नाही. दार उघडलं तर तुझी ताई ओट्याशी उभी, बॅग अजून जमिनीवर, चहा मोठ्या आचेवर, बाजूला दोन कप. येणार होती तर तू आधी कळवायचं होतंस गाढवा, मी निदान केळ्याच्या साली उचलल्या असत्या. मागे न वळता तिने विचारलं, किती झाले? मी म्हटलं, बघितलं नाही.

(त्रेचाळीस.)