सावळवाडीतलं एक फुटलेलं मत

लिहून ठेवणार : मोतीराम भिमाजी मौले, वय वर्षे बहात्तर, धंदा फुलशेती, राहणार मौजे सावळवाडी, तालुका व जिल्हा नाशिक.

माझी बुद्धी शाबूत आहे. कानाने थोडं कमी ऐकू येतं, पण ते ऐकण्याचं काम, लिहिण्याचं नव्हे. मला कोणी दाब दिलेला नाही, कोणी गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि माझ्याऐवजी यादवशी बोलायला लागले, त्यावरून मी समजायचं ते समजलो. नाशिकच्या वकिलांनी मला दीड पानाचं मृत्युपत्र टाइप करून दिलं होतं. त्यात घर बसलं, जमीन बसली, पण मी जे केलं ते कुठे बसेना. म्हणून तो कागद रद्द करून जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या हाताने हे स्वतः लिहीत आहे, ते माझं अखेरचं समजावं.

कलम १. मळ्यातलं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढच्या ओसरीसह, माझा मुलगा यादव याला द्यावं. घर मी आणि कलाबाईने, म्हणजे माझ्या कैलासवासी पत्नीने, फुलांवर बांधलं. यादव, तुझी शिपायाची नोकरी आमदार अप्पासाहेबांच्या संस्थेत आहे. पुढचं वाचून तुला माझा राग येईल. येऊ दे. पण कागद फाडू नकोस, याची दुसरी प्रत फुलवाल्या विठाबाईकडे ठेवली आहे आणि विठाबाईच्या हातून कागद काढून घेणारा माणूस अजून पंचवटीत जन्मलेला नाही.

कलम २. पाण्याचा पंप, फवारणीचा डबा, दोन खुरपी व पितळी घमेलं यादवलाच. माझा शेजारी धनराज याने गेल्या दहा वर्षांत नांगराच्या प्रत्येक पाळीला बांध थोडा थोडा आत सरकवून दीड हात जमीन खाल्ली आहे. यादवने त्यासाठी कोर्टात जाऊ नये. दीड हातात कोणी श्रीमंत होत नाही. धनराजची दुसरी एक गोष्ट मात्र मी विसरलेलो नाही, ती खाली येईल.

कलम ३. कलाबाईचा फुलांचा तराजू, हार ओवायची लांब सुई आणि तिची बसायची गोणपाटाची घडी ही माझा धाकटा भाऊ पुंजाराम याची मुलगी तृप्ती हिला द्यावी.

गोणपाट कशाला, असं कोणी म्हणेल. कलाबाईने पंचवटीत रस्त्याच्या कडेला त्या गोणपाटावर बसून एकतीस वर्षं फुलं विकली. उन्हात डोक्यावर पदर, पावसात फुलांवर प्लास्टिक, आणि पालिकेची गाडी आली की टोपली उचलून पळायचं. फुलवाल्या बायकांना बसायला एक ओटा हवा होता. वर पत्रा, खाली फरशी, एवढंच. अप्पासाहेब पहिल्यांदा १९८० साली उभे राहिले तेव्हा आमच्याच ओसरीवर भाकरी खाऊन म्हणाले होते, "वहिनी, तुमचा ओटा माझ्या अंगावर." तेव्हापासून ते पाच वेळा निवडून आले. दर वेळी पहिला हार माझ्या मळ्यातल्या झेंडूचा, कलाबाईने ओवलेला, माझ्या हातून त्यांच्या गळ्यात. ती दर वेळी विचारायची, "ओट्याचं काय म्हणाले?" मी म्हणायचो, "यंदा नक्की."

माणूस वाईट होता असं मी लिहिणार नाही. आमची विहीर ढासळली तेव्हा दोन दिवस काठावर उभं राहून त्यांनीच यंत्र मिळवून दिलं. यादवची नोकरी त्यांचीच. आमच्यासारख्याला आमदाराने नावाने हाक मारली की अंगावर मूठभर मांस चढतं, आणि ते मांस मी चोवीस वर्षं अंगावर वागवलं.

कलाबाई २००३ साली गेली. पाचव्या दिवशी अप्पासाहेब गाडी घेऊन भेटायला आले. तिच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "सरुबाई फार कष्टाळू बाई होती." मी त्यांना चहा दिला.

कलम ४. आमच्या घराण्याकडे गावच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी तीन पिढ्या आहे. ती माझ्या पश्चात माझ्या घरात राहू नये. गावाने ती देवळात ठेवावी. कारण लिहितो.

२००४ च्या निवडणुकीआधी देवळापुढच्या पारावर गाव बसलं. अप्पासाहेब सहाव्यांदा उभे होते. समोर एक तरुण वकील होता, पहिल्यांदाच उभा. माणूस बदलायचा का, एवढाच प्रश्न. झेंडू कळीवर आला होता, कोणाला उठायची घाई नव्हती.

पुंजा उभा राहिला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, माझ्यापुढे कधी मान वर न केलेला. म्हणाला, "चोवीस वर्षं झाली. एक ओटा झाला नाय. माझी वहिनी वाट बघत गेली. आता तरी बदलून बघू."

धनराज म्हणाला, "नवा तरी काय दिवे लावणार हाय? दगडापेक्षा वीट मऊ."

"चोवीस वर्षं तीच वीट उशाला घेतली," पुंजा म्हणाला, "आता मान धरली ना भाऊ!"

पार हसला. विठाबाई, कलाबाईच्या शेजारी बसून फुलं विकणारी, बायकांतून उठून म्हणाली, "आमी मेल्यावर वटा बांधणार का? तिरडी टेकवायला?" मग कोणी हसलं नाही. दोन-चार तरुण पोरं पुंजाच्या बाजूने बोलायला लागली. मला दिसलं की गाव हलतंय. आणि माझा शब्द अप्पासाहेबांकडे आधीच गेलेला होता. "मोतीराम, सावळवाडी एकगठ्ठा," असं ते म्हणाले होते आणि मी हो म्हणालो होतो.

मी घरी जाऊन वाटी आणली. ताटात बेलाची पानं ठेवली, वर भंडारा टाकला आणि म्हणालो, "उचला. मत अप्पासाहेबांना. ज्याला उचलायचं नसेल त्याने उद्यापासून मला दादा म्हणू नये." मी हे पुंजाकडे बघून म्हणालो.

आमच्याकडे बेलभंडार उचलला की संपलं. माणूस शेतीचा कागद मोडेल, सोयरीक मोडेल, पण भंडारा मोडणार नाही. एकेकाने उचलला. विठाबाईने रडत उचलला. पुंजा शेवटी आला. म्हणाला, "मनाविरुद्ध हाय दादा. पण तुझ्या शब्दासाठी उचलतो." सगळ्यांत आधी मी उचलला होता, हे लिहून ठेवणं जरूर आहे.

कलम ५. वडिलोपार्जित चाळीस गुंठ्यांपैकी निम्मा हिस्सा पुंजारामचा आहे. तो त्याच्या वारसांचाच, मी देणारा कोण? माझ्या वाट्याचे वीस गुंठे, विहिरीतल्या माझ्या हिश्शासह, मी तृप्तीला देत आहे. यात उपकार नाही. यादवने हरकत घेऊ नये व घेतल्यास खालचा मजकूर कोर्टात मोठ्याने वाचावा लागेल.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत मी रांगेत होतो, माझ्या मागे पुंजा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र. अप्पासाहेबांचं बटण वरून दुसरं. मी बोट नेलं. आणि त्या आडोशात, जिथे मला बघायला कोणी नव्हतं, मला "सरुबाई" ऐकू आलं. एकतीस वर्षं, आणि नावसुद्धा नाही. माझं बोट खाली उतरलं आणि चौथ्या, त्या वकिलाच्या बटणावर दाबलं गेलं. दाबलं गेलं असं लिहिलं, ते खोडतो. मी दाबलं. यंत्र वाजलं. बाहेर आलो तर पुंजा म्हणाला, "दादा, चेहरा का असा?" मी म्हणालो, "ऊन लागलं."

मग तो आत गेला आणि दिलेला शब्द पाळून आला.

पूर्वी मतांच्या कागदी चिठ्ठ्या सगळ्या गावांच्या एकत्र कालवायचे. यंत्रं आल्यापासून प्रत्येक खोलीचा आकडा वेगळा कळतो, हे माझ्यासारख्या जुन्या खोंडाला ठाऊकच नव्हतं. सावळवाडीची तीनशे सत्त्याऐंशी मतं पडली. तीनशे शहाऐंशी अप्पासाहेबांना, एक त्या वकिलाला. अप्पासाहेब हजारोंनी निवडून आले, त्या एका मताने त्यांचं काहीच अडलं नव्हतं. पण मिरवणुकीत मी हार घालत असताना ते हसत म्हणाले, "मोतीराम, तुझ्या गावात एक फुटलं रे. कोण तो?"

सगळं गाव पुंजाकडे वळलं. मीही वळून पुंजाकडे बघितलं.

माझं पाप मत देणं नव्हे. मत दिलं ते मला आजही बरोबर वाटतं. भंडारा मोडला त्याचं देव बघेल. माझं पाप ते वळून बघणं आहे. मी बघितलं म्हणून गावाची खात्री पटली.

पुढे जे झालं ते गावाला माहीत आहे, तरी लिहितो. पाटाच्या पाण्याच्या पाळीत पुंजाचं नाव शेवटाला गेलं. त्याच्या बायकोला, कुसाबाईला, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. तृप्तीचं लग्न धनराजच्या मुलाशी ठरलं होतं, सुपारी फुटली होती. दिवाळीनंतर धनराजने पारावर उभं राहून सांगितलं, "भंडारा मोडणाऱ्याच्या घरची पोर मला नको." मी तिथे बसलेलो होतो. तृप्ती माझ्याकडे बघत होती, कारण मी तिचा मोठा काका होतो आणि गावात शब्द माझा चालायचा. मी चपला घालून घरी आलो.

पुंजाने एकदाही "मी नव्हतो" असं म्हटलं नाही. मला वाटायचं, कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून म्हणत नसेल. नवीन वर्ष लागायच्या आत त्याने टेम्पोत सामान भरलं आणि नाशिक रोडला एका कॉलनीत वॉचमन म्हणून राहिला. ज्याच्या हाताला गुलाबाची कलमं कधी फसली नाहीत, तो माणूस लोकांच्या स्कूटरी मोजत बसला.

मी तीनदा सांगायला म्हणून निघालो. दोनदा बसस्टॉपवरून परतलो. तिसऱ्यांदा, २००६ च्या उन्हाळ्यात, पोचलो. तो खाकी कपड्यांत फाटकाशी होता. मला बघताच खुर्चीवरून उठला आणि खुर्ची पुसून म्हणाला, "बस दादा." स्वतः जमिनीवर बसला. चहा मागवला. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. हलक्या आवाजात, माझा कान त्याला ठाऊक, म्हणून अगदी जवळ येऊन.

"मला त्याच दिवशी कळलं होतं दादा. तुझा चेहरा पाहिला ना मी. ते मत तुझं नव्हतंच, ते वहिनीचं होतं. तू जिवाला लावून घेऊ नको. तुझं गावात नाव हाय, माझं काय. मी कोणाला सांगणार नाय."

मी चहा प्यालो. मी त्याच्या खुर्चीवर बसून चहा प्यालो, आणि परतीची बस धरली.

पुढच्या श्रावणात तो त्याच फाटकाशी बसल्या जागी गेला. गावातून खांदा द्यायला कोणी गेलं नाही. मी पोचलो तेव्हा कॉलनीतली चार अनोळखी माणसं त्याला घेऊन निघाली होती. कुसाबाईने मला बघितलं आणि वाट सोडून बाजूला झाली, थोरल्या दिराला होतात तशी, पदर सावरून. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

कलम ६. माझ्या प्रेताला हार घालू नये. एक फूलसुद्धा नको. तिरडी उचलायच्या आधी हा कागद पारावर, गाव जमवून, वरपासून खालपर्यंत वाचावा. यादवला जमलं नाही तर विठाबाईने कोणाकडूनही वाचून घ्यावा. वाचून होईपर्यंत मला उचलू नये, मग ऊन चढो नाहीतर काही होवो. त्यानंतर गावातल्या पाच जणांनी नाशिक रोडला कुसाबाईकडे जावं आणि तिला हळदीकुंकू द्यायचं राहिलं ते राहिलंच, निदान हात जोडून यावं. तृप्ती आता बालवाडीत शिकवते. तिने सावळवाडीत पाऊल ठेवावं अशी अट मी घालत नाही. जमीन कसावी, विकावी, पडीक ठेवावी, तिची मर्जी.

पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. अप्पासाहेब सातव्यांदा उभे राहतील, असं यादव म्हणतो. त्यांना निवडावं की बदलावं हे मी सांगत नाही, सांगायचा माझा हक्क गेला. एवढंच लिहितो की पारावर भांडायचं तेवढं भांडा, पण देवाचा भंडारा त्यात कोणी आणू नका. आणि ओटा अजून झालेला नाही.

पुंजा, तू म्हणालास ते मत वहिनीचं होतं. नव्हतं. ती बिचारी असती तर तिनेही भंडारा मोडला नसता. ते मत माझं होतं. तुझ्या हयातीत हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, ते आता लेखी देतो. गावाने तुझं नाव माझ्या जागी घेतलं, ते पुसून माझं नाव तिथे घालावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, बरोबर आहे. मला सही येते, ती खाली केली आहे. शिवाय ज्या बोटाने चौथं बटण दाबलं, त्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा ठसाही सहीशेजारी देत आहे.

सही : मोतीराम भिमाजी मौले
(ठसा)

साक्षीदार :
१. विठाबाई, फुलविक्री, पंचवटी. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "आन मी त्या पुंजाला तो मरेस्तवर तोंड दावलं नाय."
२. धनराज, शेती, सावळवाडी. यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी कागद स्वतः वाचला, पाचवं कलम पुन्हा वाचलं आणि सही केली.

ठिकाण : सावळवाडी, जिल्हा नाशिक
तारीख : १४ नोव्हेंबर २००८