दुसरी वायर

३ जानेवारी २०२२
आले एकदाची पुण्यात. खराडीत वन बीएचके. बाल्कनीतून ऑफिसच्या काचा दिसतात, पण तिथे जायचं नाही, काम घरूनच. यवतमाळहून निघालेलं तूरडाळीचं पोतं, कॉम्प्युटर आणि मी, तिघंही धडधाकट पोचलो. घरमालक हिंदुराव इथलेच गाववाले. शेतात बिल्डिंग उभी केली, केबल-नेटचा धंदाही त्यांचाच. पहिल्याच भेटीत बजावलं की हितं दुसऱ्या कुनाची वायर येनार न्हाय. म्हटलं, बरं बाबा. नेट चाललं म्हणजे झालं.

११ जानेवारी
नेट चालत नाही. परत परत मीटिंगमधून बाहेर फेकली जाते. योगेश सरांनी स्पष्ट सांगितलं की क्लायंट वैतागलाय, आता पुन्हा असं झालं तर नोकरी गेली समज. हिंदुरावांकडे गेले तर सुपारी कातरत म्हणतात, मग हापिसात जावा की. मस्तकात तिडीक गेली.
संध्याकाळी माळ्यावर खोके ठेवताना एक वायर सापडली, खिडकीतून आत आलेली, टोकाला प्लगसुद्धा. आधीच्या भाडेकरूची असणार. कॉम्प्युटरला लावून पाहिली तर दिवा लागला. लगेच सेटिंग करून टाकलं, हिंदुरावांचं नेट गेलं की आपोआप या वायरवर. बसा आता सुपारी कातरत.

१४ जानेवारी
संक्रांत. नेट सारखं जात होतं, मीटिंगमध्ये कुणाला पत्ताही लागला नाही. फक्त योगेश सरांनी विचारलं की मागे उभी आहे ती बहीण का. मला बहीण नाही.

१७ जानेवारी
खालच्या सरोजिनीकाकूंना तिळगूळ द्यायला गेले. बहिणीचा विषय काढला, तर त्यांनी आधी दार लावून घेतलं. माझ्या फ्लॅटमध्ये पूर्वी दीपमाला राहायची, अकोल्याची. तिने शेजारच्या बिल्डिंगमधून गुपचूप दुसरं नेट घेतलं. हिंदुराव ऐन मीटिंगच्या वेळी गच्चीवर जाऊन ती वायर कोयत्याने तोडायला लागले. ती धावत वर गेली, आडवी आली. त्यांनी ढकलली. पाय घसरून पडली, असं कागदोपत्री झालं. मीटिंग अर्धवट सोडली म्हणून नोकरी गेल्याचा ईमेल आला, तेव्हा ती खाली रस्त्यावर पडलेली होती.
गच्चीवर जाऊन पाहिलं. माझी वायर टाकीपाशी तुटून लोंबतेय. कशालाच जोडलेली नाही.
भीती वाटलीच. पण भीतीपेक्षा राग मोठा. आमच्याकडची पोरगी, अशी मारली मेल्याने. वायर हातात धरून म्हटलं, दीपमाला, सोडू नकोस त्याला.

१८ जानेवारी
मुद्दाम हिंदुरावांना जाऊन सांगितलं की दुसरी वायर पुन्हा चालू झालीय. शिव्या घालत कोयता घेऊन वर गेले.
दुपारी टाकीशेजारी सापडले. गळ्याला वायरचे वेढे, जीभ बाहेर.
वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. शिरा केला, साजूक तुपातला.

१९ जानेवारी
योगेश सरांचा मेसेज, कालचं प्रेझेंटेशन फार छान झालं. काल दुपारभर मी पोलिसांना जबाब देत होते.

२१ जानेवारी
कॉम्प्युटर पहिल्या नेटवर परत येतच नाही. बंद केला तरी स्क्रीनवर मीटिंग चालू — तिथे माझा चेहरा. बोलतोय. माझे ओठ मिटलेले.

२२ जानेवारी
आईचा फोन. रडत होती. मघाशी व्हिडिओवर तूच म्हणालीस ना, आता घरी येणार नाही म्हणून. नाही गं आई, असं सांगायला गेले — आवाज फुटला नाही. ती हॅलो हॅलो करत राहिली.
दीपमाला, मी तुझ्या बाजूची होते गं.

२४ जानेवारी
प्लग निघत नाही. बोटं पोळली. तिला नोकरी हवीय. माणसं हवीत. माझी —
वायर कापायला गेलेल्याचं काय होतं ते पाहिलंय. पण आई —
कात्री घेतली.
स्क्रीनवरची बोलता बोलता थांबली. माझ्याच आवाजात योगेश सरांना सांगतेय, एक मिनिट हं सर, माझी वायर कुणीतरी कापतंय, मी जरा बघून —