बांबूचा कठडा

वाशी, आश्विन शके १९०४

चिरंजीव श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

अर्धांगातून सावरणाऱ्या तुझ्या आईस न्हाणीपर्यंत चालण्यास आधार हवा होता. चालली तरच पाय राहतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. तू म्हणालास, "अण्णा, थांबा. सागवानी कठड्याचा उत्तम नकाशा पाठवतो." दोन नकाशे आले, दोन्ही तूच रद्द केलेस. यात महिनेच्या महिने गेले, ती अंथरुणातच राहिली. पूजेत अलंकार नसला तर आपण अक्षता वाहतो. देव रुसत नाही. अखेर काल मीच पलंगापासून भिंतीलगत बांबू बांधला.

तिने पडल्यापडल्याच त्याला हात लावला. "छान झालाय हो. पण आता पायांत जीव कुठला?"

तुला लिहावयास बसलो, तर म्हणाली, "श्रीला कळवू नका. बिचारा अजून नकाशा काढत असेल."

निरुपाय,
अण्णा