वादीचा मुक्काम

अमरावती,
४ फेब्रुवारी १९७२

चि. विश्वनाथ यास यमुताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सौ. गोपिकेने पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. तुझ्या दातांसाठी केलेले दिसतात, फारच मऊ आहेत. माझं मात्र बरं नाही. छातीचं दुखणं वाढलं आहे आणि डॉक्टरांनी एस.टी.चा प्रवास कायमचा बंद केला आहे. यापुढे तारखेला नागपूरला येणं मला जमणार नाही.

म्हणून वडिलांच्या काटोलच्या बागेतला माझा हिस्सा मी बक्षीसपत्राने चारुशीलेला दिला आहे, तुझ्याच मुलीला. आपल्या दाव्यात वादी म्हणून माझ्या जागी तिचं नाव लागावं असा अर्ज कोर्टात केला आहे. त्याची नोटीस तुला येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहिते आहे.

तू रागावशील. तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून तू तिचं तोंड पाहिलेलं नाहीस. महालातून तिचं धरमपेठेतलं घर तुला विलायतेइतकं लांब झालं आहे. पण आपणही कोर्टात भांडलोच की. तरी तारखेच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडेच उतरले, गोपिकेच्या हातचा गोळाभात खाल्ला आणि सकाळी आपण एकाच रिक्षातून कोर्टात गेलो. लोक हसले, हसू देत.

लोभावर कुणाचा दावा नाही, तो असू द्यावा.

तुझी,
यमुताई


महाल, नागपूर,
११ फेब्रुवारी १९७२

ती. यमुताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आणि नोटीस एकाच दिवशी आली. तुझ्या तब्येतीचं वाचून जीव खाली-वर झाला आणि पुढचं वाचून डोकं फिरलं. बाग हवी होती तर मागायची होतीस, असं मी आजही म्हणतो. मागितली होती, असं तू म्हणशील.

परक्या माणसाला हिस्सा विकला असतास तरी मी सोसलं असतं. या मुलीचं नाव या घरात कुणी घेत नाही आणि आता कोर्टाचा शिपाई ते भर व्हरांड्यात पुकारणार. माझे वकील गणपतराव म्हणतात, हरकत घ्या, बक्षीसपत्रालाच आव्हान देऊ, चौकशीत वर्ष-दोन वर्षं सहज जातील, आणि तोवर... पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मी हरकत घेणार आहे. ती समोर उभी राहिली तर माझी जीभ उचलणार नाही. औषध वेळेवर घे. रागातही तुझी काळजी आहे, हे ओळखून असावं.

तुझा,
विश्वनाथ


अमरावती,
१६ फेब्रुवारी १९७२

चि. विश्वनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

गणपतराव जे बोलले नाहीत ते मी लिहिते. मला मूलबाळ नाही. बक्षीसपत्र टिकलं नाही तर वडिलांकडून आलेला हा हिस्सा माझ्यामागे कायद्याने तुझ्याकडेच येतो. म्हणजे मी गेले की दावाही मिटला. तुला नुसतं थांबायचं आहे. तुझ्या मनात तसं येणार नाही, याची मला खात्री आहे. पण हरकतीचा अर्थ तोच होईल.

खरं सांगते, दावा मिटण्याचीच मला भीती वाटते. तो रागाने लावला होता, पण तारखा नसत्या तर माझं माहेर तेव्हाच सुटलं असतं. तू ये म्हटलं नसतंस आणि न बोलावता मी आले नसते. दोघंही एकाच बापाची. तारीख पडली की मात्र मी पिशवी उचलायची. चारूला मी ती तारीखच दिली आहे असं समज.

वादीचा मुक्काम आदल्या दिवशी प्रतिवादीकडे असतो, हा आपल्या घरचा रिवाज तिला सांगून ठेवला आहे. ती येईल. दार उघडायचं की नाही ते तू बघ. माझा जोर आता पत्रापुरताच उरला आहे.

आशीर्वाद मात्र दोन्ही पक्षांना.

यमुताई


महाल, नागपूर,
४ मार्च १९७२

ती. यमुताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा दिवेलागणीला ती आली. हातात तुझीच ती निळी पिशवी. उद्या तारीख आहे म्हणून आले, असं तिच्या आईला म्हणाली, माझ्याकडे पाहिलं नाही. मी पेपर वाचत बसलो. हिने काही न विचारता तुझ्या पाटावर तिचं पान मांडलं आणि गोळाभात वाढला. दोघी स्वयंपाकघरात रडल्या, ते मला ऐकू आलं.

सकाळी रुपरावची रिक्षा आली. ताईसाहेब काहून नाही आल्या, असं त्याने विचारलं. त्यांच्या जागी मी आहे, असं ती म्हणाली. रस्ताभर मी तिच्याकडे चोरून पाहत होतो. ती वाळली आहे ताई. केसांत पांढरंही दिसलं. मी बाप असून मला ते ठाऊक नव्हतं.

हरकतीचा कागद गणपतरावांकडे तयार होता. मी तो देऊ नका म्हटलं. जजसाहेबांनी विचारलं, तेव्हा प्रतिवादीची हरकत नाही असं मीच उठून सांगितलं. तुझं नाव निघालं, तिचं लागलं. मग साहेबांनी पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची दिली.

मला राहवलं नाही. मी पुन्हा उठलो आणि जवळची तारीख मागितली. आजवर मुदतीवर मुदत मागणारा मी, त्यामुळे गणपतराव माझ्याकडे बघतच राहिले. साहेबांनी कारण विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि याच महिन्याची अखेर लिहून घेतली.

तिला येत जा म्हणणं मला अजूनही जमलेलं नाही, ताई. तारीख तेवढी मागता आली.

तू बरी हो. बाकी सगळं त्यानंतर.

तुझा,
विश्वनाथ