दोघांच्या गोळ्या

प्रिय जाई,

सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय. दोन ओळी झाल्या की शिवतेजच्या खोलीत डोकावते. तो व्हीलचेअरवर मोबाइलमध्ये क्रिकेट खेळत असतो. मान वर न करताच म्हणतो, "आई, जिवंत आहे मी. जा." सतरावं सरलंय, जीभ वडिलांवर गेलीय.

त्याचा हा स्नायूंचा आजार पायांचाच, असं आपण धरून चाललो होतो. मागच्या महिन्यात वाशीला एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदयाचा पंप कमजोर निघाला. त्याला काहीच त्रास नव्हता गं! डॉक्टर म्हणाल्या, हृदयही स्नायूच आहे. तो चालत नाही, म्हणून दम लागल्याचं कळलं नाही. लगेच गोळ्या सुरू केल्या. पहिले काही दिवस त्याला इतकं गरगरायचं की मी भांबावून जायची. आता सोसतात. गेलेली ताकद पुरती परत येईल असं नाही, पण आणखी बिघडणं लांबवता येतं म्हणे. त्या 'म्हणे'वर आमचं घर चाललंय.

त्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं. "आणि आईचा एको कधी केला?" मला हसूच आलं. मी धडधाकट बाई, त्याला उचलून अंघोळ घालते. हे म्हणाले, करून टाक. केला. माझंही हृदय कमजोर निघालं. आता मायलेक सोबतच गोळ्या घेतो. आजार आईकडून मुलाला येतो हे ठाऊक होतं. तो आईच्याही हृदयाला धरू शकतो, हे कुणी बोललंच नव्हतं. शिवतेजला सांगितलं. तो म्हणाला, "मला उचलून उचलून झालं का?" नाही रे, म्हणत मी दोघांच्या गोळ्या काढल्या.

मी हे फोनवरच बोलले असते, पण भगवानचं नाव निघालं की तुझी भाजी करपते आणि तू फोन ठेवतेस. एकुलता भाऊ आपला, त्याचेही पाय असेच गेले आणि ऐन तारुण्यात तोही गेला. म्हणजे हे आपल्या आईकडून आलंय, जाई. तुझ्यातही असू शकतं. तुला दोन्ही मुली, म्हणून आपण सुटलो असं तू धरलंयस. गणपतीत आमचा जिना चढताना तू मध्येच पायरीवर बसलीस, वजन वाढलंय म्हणालीस. तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढच्या गुरुवारी वाशीला तुझ्या नावाने एकोसाठी नंबर लावलाय. भांड, रागव, पण साताऱ्याहून निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
उज्वलाताई